खांबाला घातलेली बंडी

भाद्रपद निम्मा सरला की आमच्याकडे पाऊस हात आखडता घेतो. चार-पाच दिवस लख्ख ऊन पडतं. भातखाचरांतलं पाणी निवळतं, अंगणाअंगणात वाकळा वाळत पडतात, आणि जुन्नरच्या एसटी स्टँडवर भेटेल तो माणूस म्हणतो, "झाली बघा उघडीप. सुटलो एकदाचं." मी मात्र या दिवसांत चिडचिडी होते. घरातले म्हणतात, हिला पित्त झालं. पित्तबित्त काही नाही. जन्म पुलांच्या नोकरीत गेला. नदी शांत झाली की मला शंका येते, एवढंच.

यंदाही तेच. परवा एसटीनं घोडेगावला चालले होते. वाटेत एका पुलावर गाडी आली. शेजारची बाई खिडकीतून खाली बघत कौतुकानं म्हणाली, "किती छान वाळू आलीये बघा खांबाशी. पुलाला आधारच झाला की." मी म्हटलं, "आधार नाही हो ताई. नुसतं वरून झाकलंय." तिनं एकदा माझ्याकडे बघितलं, शेजारी ठेवलेली पिशवी उचलून मांडीवर घेतली, आणि मंचर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसली. बिचारीची काही चूक नाही. सगळेच तसं बघतात.

लोक पुराकडे वरून बघतात. पाणी किती चढलं, कठड्याला लागलं का, वरून गेलं का. टीव्हीवालेही तेच दाखवतात. पण वरून पाणी गेलं म्हणून पूल सहसा मरत नाही, तो पायाशी मरतो. धावतं पाणी खांबाच्या नाकावर आपटतं. पुढे वाट नसते, म्हणून ते खांबाला धरून खाली बुडी मारतं आणि तळ उकरायला लागतं. ओढ्यात अनवाणी उभं राहून बघा. टाचेखालची वाळू हळूच निघून जाते आणि आपण कलतो. पुलाचंही तेच होतं. पूर जितका जोराचा, तितका खड्डा खोल.

खरी लबाडी त्याच्या पुढची आहे. पूर ओसरायला लागला की नदीचा जोर जातो. वाहून आणलेली वाळू, गाळ तिला पेलवत नाही, आणि जाता जाता ती ते ओझं त्याच खड्ड्यात टाकून देते. आपण ऊन पडल्यावर रुबाबात तपासणीला जातो, तेव्हा तळ सपाट असतो. चोरानं घर फोडावं आणि जाताना दार नीट ओढून घ्यावं, तसा प्रकार. खड्डा भरलेला दिसतो, पण त्या भरावाला काडीची ताकद नसते.

हे सगळं मला कॉलेजात असल्यापासून माहीत होतं. तरी एका भाद्रपदात मी ते विसरले. त्याचीच ही गोष्ट आहे.

त्या गावाचं नाव सांगत नाही. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांच्या शिवेवर आहे, एवढं पुरे. माणसं अजून आहेत, वाचतात, आणि रागाला पटकन येतात. नदीच्या अलीकडे गाव. पलीकडे भैरोबाचं देऊळ आणि एक वाडी. मधे घोड नदीला जाऊन मिळणारी लहानशी नदी, आणि तिच्यावर तीन खांबांचा जुना दगडी पूल. पहिला आणि तिसरा खांब कातळावर बसलेला. मधल्या खांबाच्या जागी मात्र कातळ खोल गेलेला. जुन्या बांधणाऱ्यांना घट्ट मुरूम लागला, तिथेच त्यांनी पाया थांबवला. त्यांच्या काळात ते चालून गेलं.

त्याच गावचे दगडूभाऊ. रस्त्याच्या गँगचे मुकादम म्हणून अकरा वर्षं माझ्या हाताखाली होते. खरं सांगायचं तर त्यातली पहिली चार वर्षं मीच त्यांच्या हाताखाली होते. रस्ता कुठे बसणार हे ते चप्पल काढून, पायानं दाबून सांगायचे आणि आमच्या कागदांच्या आधी सांगायचे. अंगानं काटक, डोक्यावर मळकी टोपी, बोलणं तिरकस. रिटायर झाले तरी स्वस्थ बसवेना. मधल्या खांबाच्या दगडांतला चुना गेलाय, सांध्यांत बोट जातंय, हे त्यांनी बघितलं आणि सगळं गाव उठवलं. भर उन्हाळ्यात, नदी आटलेली असताना, लोकांनी श्रमदान केलं. बायकांनी डोक्यावरून वाळू वाहिली. खांबाभोवती चारही अंगांनी हातभर जाडीचं काँक्रीट चढवलं आणि खाली चांगला ऐसपैस ओटा केला. "खांबाला थंडी वाजत व्हती, मॅडम. बंडी घातली त्येला," दगडूभाऊ म्हणाले. तेव्हापासून गावात तिचं नाव बंडीच पडलं.

मी बघायला गेले होते. बाया नव्या ओट्यावर धुणी आपटत होत्या. दगडूभाऊंनी विचारलं, "कसं काय, मॅडम?" मी म्हटलं, "झकास!" त्याआधीही मी फोनवर शहाणपणा शिकवला होताच, सिमेंटात काटकसर करू नका, पंधरा दिवस पाणी मारा. मग त्या ओट्यावर उभं राहून सगळ्यांबरोबर फोटोही काढून घेतला. मी मधोमध, डोळ्यांवर गॉगल. बंडी कशावर टेकली आहे, हे मी विचारलं नाही. ती टेकली होती वाळूवर. आणि दुसरं त्याहून वाईट. पाण्याच्या वाटेत अडथळा जितका रुंद, तितका त्याच्या पायथ्याशी खड्डा खोल पडतो. हे मी परीक्षेत आकृती काढून लिहिलं होतं, चांगले गुणही मिळाले होते. पण चाळीस माणसं घाम पुसत कौतुकाच्या शब्दाची वाट बघत उभी होती, तेव्हा ती आकृती काही मला आठवली नाही.

दोन पावसाळे नीट गेले. तिसऱ्या वर्षी भाद्रपद निम्मा सरता सरता डोंगरात जोराचा पाऊस झाला आणि नदी दोन दिवस लाल होऊन धावली. ओटा बुडाला, बंडी बुडाली, पाणी खांबाच्या गळ्याशी आलं. पुलावरून मात्र गेलं नाही. मग पाऊस थांबला आणि ही अशीच उघडीप पडली.

आमच्या भागात पोळा श्रावणात नसतो, भाद्रपदाच्या अमावास्येला असतो. या पट्ट्यातल्या लोकांना सांगायला नको, पण बाहेरच्यांना दर वर्षी सांगावं लागतं. त्या दिवसांतला गावांचा वास मला अजून डोळे मिटून ओळखता येतो. ओला चारा, शिंगांना लावलेला हिंगूळ, चुलीवर शिजणारी डाळ. या गावातली रीत अशी की सगळे बैल वाजतगाजत पुलावरून भैरोबाला न्यायचे. पुढे मानाची जोडी. तिच्यापुढे कुणी जायचं नाही, आणि ती जाईल तिकडे सगळ्यांनी जायचं. देवळाचं आवार चिमूटभर. म्हणून मानाची जोडी देवापुढे उभी असते तेव्हा बाकीचे बैल, वाजंत्री, पोरंबाळं, सगळं गाव पुलावर खोळंबून उभं राहतं. वर्षातून तेवढा एकच तास त्या पुलावर इतका भार असायचा.

मान घराघरांत पाळीनं फिरतो. त्या वर्षी तो दगडूभाऊंच्या घरी आला होता. वडील गेल्यापासून पहिल्यांदा. ही बातमी मला त्यांनी चैत्रातच फोन करून दिली होती. "पोळ्याला या, मॅडम. आमची जोडी फुडं हाय औंदा." गुडघे गेले होते, बैलांमागं धावणं होत नव्हतं. पोळा झाला की जोडी विकायची ठरली होती. म्हणजे मान परत घरी येईल तेव्हा दावणीला बैल नसणार, हे त्यांनी हिशेबानं ताडलं होतं. त्यामुळे हा एकच पोळा त्यांचा होता.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मी पुरानंतरच्या तपासणीला तिथे पोचले. पुलाखाली उतरले. ओट्याला लागून कोरी वाळू, वर पाखरांच्या पायांचे ठसे. खांब सरळ. वर कुठे चीर नाही. मी मनातल्या मनात 'ठीक' लिहूनही टाकलं होतं. बंडी धडधाकट बघून थोडी फुशारलेच.

तेवढ्यात हौसाक्का म्हशी घेऊन आल्या. पलीकडच्या वाडीतली म्हातारी, तोंडानं फटकळ, आणि त्या नदीत तिच्याइतका वेळ कुणी काढलेला नाही. मला बघून हसत म्हणाल्या, "तितं नगा जाऊ मॅडम, रुताल. काल माजी म्हस रुतली व्हती. पार पोटापत्तूर! चौगांनी वडून काडली."

"कुठे रुतली?"

"ही काय, बंडीच्या शेजारी. पुरात बी तितं पानी गरागरा फिरत व्हतं, रवीनं ताक घुसळावं तसं. म्या म्हनलं, काय शिजतंय हितं?" आणि त्या पुन्हा हसल्या. मला हसू येईना. म्हैस रुतेल एवढी मऊ वाळू म्हणजे ती कालपरवा आलेली वाळू, आणि ती आली म्हणजे तिच्याआधी तिथे पोकळी होती.

मी दगडूभाऊंना पहार घेऊन बोलावलं. ते बैलांची खांदेमळणी करत होते. हाताला तूप-हळद तशीच होती, पहार दोनदा निसटली. "काय मॅडम, आमच्या बंडीवर इश्वास न्हाई व्हय?" असं चेष्टेनं म्हणत त्यांनी ओट्याच्या कडेला पहार टेकवली आणि दाबली. ठोकायची वेळच आली नाही. ती आपण होऊन गेली. ते वाकले, मग गुडघ्यावर बसले, मग ओट्यावर आडवे होऊन त्यांनी हात खाली घातला. पहार पुरती वाळूत आणि हात काखेपर्यंत. तरी टोकाला काही लागेना. दुसऱ्या अंगाला बघितलं, तिथेही तेच. मग त्यांनी पहार तिरकी करून खांबाच्या पोटाखाली सरकवली. तिथे तर ती खडखड न करता आत गेली. जुन्या पायाचा दगड वर, आणि खाली मुरूम असायला हवा तिथे हा मऊ लगदा.

दगडूभाऊ उठून बसले. अंगाला वाळू चिकटलेली. हौसाक्का म्हशींमागं लांब गेल्या होत्या. आम्ही दोघंच होतो.

"मॅडम," ते म्हणाले, "आज नगा लिवू. उद्या सांजच्याला लिवा. पोळा होऊ द्या."

मी पहारीला लागलेला लगदा बोटांनी चोळून बघितला.

"एकच दिस. इतकी वर्सं हुबा हाय, येक दिस न्हाई ऱ्हानार व्हय?"

मला तो दिवस त्यांना द्यावासा वाटला. अगदी मनापासून वाटला. पूल कदाचित राहिलाही असता. ओसरलेल्या नदीत, नुसत्या भारानं, तो खचलाच असता असं छातीठोकपणे मी आजही सांगू शकत नाही. पण त्या एका तासात पुलावर कोण कोण उभं असणार, ते मला दिसत होतं. मी म्हटलं, "दगडूभाऊ, हात तुमचा गेला होता आत, माझा नाही. तुम्हीच सांगा, नेऊ का गाव वरून?" त्यांनी पहार खांद्यावर टाकली आणि चढ चढून गेले.

मी वरच्या साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, फोटो पाठवा. पाठवला. पाच मिनिटांत उत्तर आलं, "सगळं सपाट दिसतंय, मॅडम. अमावास्या होऊ द्या, मग बघू." फोटोत सपाटच दिसणार होतं. मी पुलाच्या दोन्ही तोंडांना डांबराची रिकामी पिंपं उभी केली, दोर बांधला, पुठ्ठ्यावर 'पूल बंद' लिहिलं आणि गावात सांगून आले. कुणी ऐकून घेतलं, कुणी नाही.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर मिरवणूक आली. मी दोराशी उभी. सनई, हलगी, गुलाल. सगळ्यांत पुढे दगडूभाऊ, डोक्याला नवा फेटा, आणि त्यांची जोडी. शिंगांना बेगड, अंगावर नवी झूल, गळ्यात घुंगरमाळा. इतके देखणे बैल मी पुन्हा बघितले नाहीत. मागून पोरं ओरडली, "ओ मॅडम, सरका की! पूल काय पळून चाललाय का?" कुणीतरी म्हणालं, "खाली बगा जरा, वाळू कशी भरलीय. पैल्यापरीस घट झालाय." दोघं पुढे आले आणि त्यांनी एक पिंप उचलून सरळ बाजूला ठेवलं. दोर सुटून पडला. मी ओरडून काय सांगत होते ते हलगीत कुणाला ऐकू गेलं असेल असं वाटत नाही. एक बाई, एक पुठ्ठा आणि समोर अख्खं गाव. माझ्या हातात काही उरलं नव्हतं.

वाट मोकळी झाली. दगडूभाऊ पुलाच्या तोंडाशी उभे. त्यांनी पलीकडे देवळाकडे बघितलं. टोपीला हात लावतात तसा फेट्याला लावला, वाकून नमस्कार केला. मग कासरा आवळला आणि जोडी जागच्या जागी फिरवली. गावाकडे.

हलगी अर्धवट थांबली. "मुकादम, ओ मुकादम, काय करताय?" ते बैलांना चुचकारत, गर्दीतून वाट काढत, ज्या रस्त्यानं आले त्या रस्त्यानं चालू लागले. मानाची जोडी जाईल तिकडे सगळ्यांनी जायचं. शिव्या देत, कुरकुरत, पण एकेक जोडी वळली. सगळी मिरवणूक उलटी गावात गेली. मी पिंपावर बसले आणि रडले. चांगली हुंदके देऊन रडले, लाज कसली त्यात.

पूल पडला नाही. त्या दिवशी नाही, दिवाळीत नाही, थंडीत नाही. बंद पुलाजवळून लांबच्या वाटेनं जाताना लोक मुद्दाम म्हणायचे, "हुबाच हाय की!" मला फोनवर टोमणे यायचे, ते मी सहन केले, पगार त्याचाच होता. दगडूभाऊंना तर गावातच राहायचं होतं. देवाच्या दारातून जोडी माघारी आणली, गावाला नाट लावला, असं त्यांना तोंडावर ऐकवलं. पारावर ते आले की बोलणं बदलायचं. पहार कुठवर गेली होती, हे त्यांनी एकालाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांची सुटका झाली असती, आणि बंडीची झाली नसती. बैल त्यांनी कार्तिकात विकले.

दुरुस्ती चैत्रात सुरू झाली. नदी आटलेली. मधल्या खांबाभोवतीची वाळू मशीननं उपसली तेव्हा बघायला सगळं गाव काठावर जमलं. ओटा खालून उघडा पडला. तो अधांतरी होता. खांबाच्या पायाखाली, वरच्या अंगाला, चार शेळ्या आडोशाला बसतील एवढी पोकळी. पुलाचा मधला भार मागच्या निम्म्या मुरमावर टेकून राहिला होता. मशीनवाला खाली उतरून बघून आला आणि म्हणाला, "आयला!" काठावरून हौसाक्का म्हणाल्या, "मुकादमाला दिसलं व्हतं ह्ये. म्हनून फिरला बाबा." मग दोघं-तिघं माझ्यापाशी येऊन चाचरत काहीबाही बोलले. मी हो हो केलं.

कातळापर्यंत खोदून नवा पाया भरायचा होता. त्याआधी बंडी, मी जिच्या ओट्यावर उभं राहून फोटो काढून घेतला होता तीच, फोडावी लागणार होती. ब्रेकर लागला. दगडूभाऊ समोर एका दगडावर बसून बघत होते. काँक्रीट सहजासहजी तुटत नव्हतं, इतकं चांगलं केलं होतं. एकेक ढलपी निघायची, त्यात कुणाकुणाच्या हातची वाळू होती ते त्यांना ठाऊक असणार. जेवायच्या सुट्टीत आवाज थांबला तेव्हा मी त्यांच्याजवळ जाऊन बसले.

त्यांनी विचारलं, "मॅडम, खरं सांगा. आमच्या बंडीनं झालं का ह्ये?"

आदल्या भाद्रपदात मी या माणसाला एक दिवस दिला नव्हता. सगळ्या गावासमोर त्याचा मान माझ्या एका पुठ्ठ्यासाठी खर्ची पडला होता. आणि उत्तर मला माहीत होतं.

मी म्हटलं, "नाही हो. पूरच तसा होता. बंडी नसती तरी झालं असतं."

दगडूभाऊंनी माझ्याकडे बघितलं. अकरा वर्षं रस्ते दाबून बघितलेला माणूस तो. मान हलवली. गुडघ्यावर हात टेकून सावकाश उठले, धोतराला लागलेली धूळ झटकली.

"बरं झालं," ते म्हणाले. "मंग तुमी बी सुटला."